मेनस्विच

— नाही नाही, बिघडलेला नाहीये तो. बिघडेल कसा, घरात मी आहे ना. पडला नाही, पाणी सांडलं नाही, मी फक्त बंद केला. आता बंद करणं हा गुन्हा असेल तर तसं सांग बाई, दुकानाबाहेर पाटी लाव. तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना? मुलीच्या वयाची आहेस माझ्या, तीही अशीच भुवया वर करून बघते. तर मंगळवारी सकाळी हा लॅपटॉप बंद केला आणि आता त्यातलं बायकोनं लिहिलेलं सापडत नाहीये. उघडं ठेवून गेली होती. गेली म्हणजे — बहिणीकडे गेलीये. चार दिवस.

पासवर्ड नाहीये. मीच लावू दिला नाही. नवरा-बायकोत कसला आलाय पासवर्ड? दाब बटण. बघ, झाला की नाही सुरू. अगं, एकतीस वर्षं कारखान्याच्या पॉवर हाऊसमध्ये काढलीत मी — पाळी संपली की एकेक स्विच खाली, हात लावून तपासायचा, मगच घरी. आणि आमच्या बाईसाहेब काय करणार, तर लिहून झालं की नुसतं झाकण पाडायचं आणि उठायचं. म्हणे, ‘झोपू दे त्याला, उद्या उघडला की होतं तिथूनच पुढे लिहिता येतं.’ मशीन आहे का तान्हं बाळ? रात्रभर तो बारीक दिवा लुकलुकत राहणार, माझ्या डोळ्याला डोळा नाही. तूच सांग, तुझा धंदा आहे, रोज बंद करावा की नाही? — काय? झोपवून ठेवला तरी चालतं? हं. तुम्हाला सगळंच चालतं.

मग मी जाता-येता बंद करायचो. चोरून नाही, सांगून करायचो. तिचं आत काही उघडं असायचं, ते जायचं. म्हणजे एक-दोनदा गेलं. बरं, चारदा. एकदा जरा जास्त गेलं, चाळीस पानं होती म्हणे. जन्मभर शाळेत पोरांचे निबंध तपासले, आता स्वतः लिहायचं होतं तिला — आईबद्दल की कशाबद्दल, मी विचारलं नाही. म्हटलं, डोक्यात आहे ना तुझ्या, मग लिही पुन्हा. रडली-बिडली नाही हां. ‘ठीक आहे’ म्हणाली आणि भाजी चिरायला बसली. मला वाटलं, मिटलं.

मंगळवारी बॅग घेऊन दारात उभी. ‘टेबलावर उघडून ठेवलंय. वाचा, मग काय करायचं ते करा.’ मी हो हो म्हटलं. तिला सोडायला खाली — नाही, खाली नाही गेलो, बॅग टॅक्सीच्या ड्रायव्हरनंच नेली. चार दिवसांना एवढी जड बॅग कशाला, हे तेव्हा विचारायला हवं होतं. तीन महिन्यांच्या गोळ्या नेल्यात. स्वेटर नेलेत. लॅपटॉप तेवढा ठेवलाय. दार लावून टेबलापाशी गेलो, समोर स्क्रीनचा उजेड, आणि अंगठा आपोआप बटणावर. विझेपर्यंत दाबून धरला. वाचायचं माझ्या लक्षात होतं गं, अंगठ्याच्या नव्हतं. जित्याची खोड.

असणार काय म्हणा त्यात? झाडांना पाणी घाला, गॅस तपासा — यादी असणार. आता यादीसाठी कुणी दोन बस बदलून येतं का, असं विचारू नकोस. फोन उचलत नाही ती. काल बहिणीनं उचलला, ‘वाचलंत का?’ एवढंच म्हणाली आणि ठेवला. तीन दिवस घरातले सगळे दिवे माझ्या मनासारखे बंद आहेत, आणि खरं सांगू, मला तिथे बसवत नाही. ती परत येणार आहे की नाही, तेवढं कळलं तरी पुरे.

सापडलं? इतक्यात? म्हणजे गेलंच नव्हतं? — सेव्ह केलेलं होतं. सोमवारी संध्याकाळी. तिनंच. नाव काय दिलंय? ‘मेनस्विच’?

कारखान्यात म्हणायचे मला तसं, माझ्या पाठीमागे. हिला कुणी सांगितलं? इतकी वर्षं ठाऊक होतं म्हणजे, आणि एकदाही तोंडावर बोलली नाही. — वाच तू, माझा चष्मा घरी राहिला. वाच मोठ्यानं, यादीच आहे, लाजतेस काय.

‘तुम्ही हे न वाचताच बंद कराल, म्हणून आधीच सेव्ह केलंय.’

हं. पुढे? अगं, पुढे वाच की. किती पानं आहेत? — एकवीस. एकवीस पानांची यादी नसते, नाही का. शेवटचं पान बघ बरं, यायची तारीख लिहिली असेल कुठेतरी. नीट बघ. खाली बघ.

राहू दे. नको सांगूस. घरी जाऊन वाचतो, चष्मा लावून, पहिल्यापासून. — ए, तो हात काढ. बंद करू नकोस. नुसतं झाकण लाव आणि तसाच दे.