पाण्याच्या पिंजऱ्यातली पेज

जमलेल्या सगळ्यांनो, आणि समोर बसलेल्या काकू, वर्गात मी तास तास बोलते. आज मात्र चार ओळी कागदावर लिहून आणल्यात. सांभाळून घ्या.

धोंडूकाका आपल्या कॉलेजच्या प्राणिघराचे राखणदार. रोज आरे-वारेच्या रस्त्याने सायकलवरून यायचे. परवा गेले. उंदरांना ते पोरं म्हणत. ‘बाई, पोरं आज जेवली नाय,’ असं सांगत प्रयोगशाळेत शिरायचे आणि नव्या प्राध्यापकांची पंचाईत व्हायची.

तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल, माझी पीएच.डी. काकांनी एकदा बुडवली होती. आणि त्यांनीच ती वाचवली.

आतड्याच्या सुजेवर एक हार्मोन लागू पडतं का, हे मी पांढऱ्या उंदरांवर तपासत होते. सूज आम्हीच आणायची. मग निम्म्यांना हार्मोनचं इंजेक्शन, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुठला पिंजरा औषधाचा आणि कुठला पाण्याचा, हे काकांना सांगायचं नाही, असा नियम.

दोन्हीकडचे उंदीर सारखेच बरे झाले. म्हणजे औषध कुचकामी. रडकुंडीला येऊन मी म्हटलं, ‘काका, संपलं. उद्या तसंच लिहून टायपिंगला देते.’

दुसऱ्या दिवशी काका विभागप्रमुखांच्या खोलीत आले. टोपी हातात. नोकरी अजून कायम झालेली नव्हती, हे लक्षात घ्या. म्हणाले, ‘सायेब, बाईंचं औषध खोटं नाय. खोटं मी केलंय.’

काय केलं होतं? जी पोरं हगवणीनं मलूल पडायची, त्यांना ते आपल्या डब्यातली उकड्या तांदळाची पेज थेंब थेंब पाजत होते. काकू, तुमच्या हातची पेज. कुठला पिंजरा कसला, हे त्यांना माहीत नव्हतं. पण जास्त आजारी कोण, हे दिसत होतं ना. पाण्याचे सगळे उंदीर पेजेवर सावरले होते.

मी चिडले. फार चिडले. आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही, त्याची आज लाज वाटते. ते गप्प राहिले असते तर कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही. मी मात्र जन्मभर चुकीचं शिकवत राहिले असते.

साहेबांनी त्यांना ठेवून घेतलं. प्रयोग पुन्हा सुरू झाला. काका म्हणाले, ‘पेज नाय घालीत. पण जवळ बसलो तर चालंल?’ मी म्हटलं, बसा, पण दोन्हीकडे सारखं. मग ते घड्याळ बघून बसायचे. डबा घरी ठेवून यायचे.

या वेळी औषधाचे बरे झाले. पाण्याचे बरेच गेले. एकेकाला काकांनीच ओंजळीत घेऊन बाहेर नेलं. मी डॉक्टर झाले, तेव्हा माझे पेढे त्यांनी खाल्ले नाहीत. घरी नेतो म्हणाले.

गेल्या आठवड्यात इस्पितळात मी त्यांच्यासाठी पेज घेऊन गेले. दोन चमचे कसेबसे गेले. मग टांगलेल्या सलाइनच्या बाटलीकडे बघून मिस्कील हसले. ‘बाई, खरं सांगा. मी कुठल्या पिंजऱ्यातला? औषधाच्या की पाण्याच्या?’

मी तिसरा चमचा पुढे केला.

अशा वेळी आपण उभे राहतो. आज नको. दोन मिनिटं बसूनच शांत राहू या, काकूंच्या जवळ. नुसतं जवळ बसणं काकांना चालत होतं.