मेलेल्या बैलाचं बक्षीस

वर्धा, सप्टेंबर १९८८

नाव सुमती अच्युत पाचखेडे, वय २६ वर्षे, धंदा नोकरी (संगणक विभाग), रा. पिपरी मेघे, ता. जि. वर्धा.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, आमची संस्था शेतकऱ्यांच्या बैलांचा विमा उतरवते. प्रत्येक बैलाच्या कानात क्रमांकाचा बिल्ला असतो आणि त्या क्रमांकाने सगळ्या नोंदी संगणकातल्या तक्त्यांत होतात. हे तक्ते मी बांधले. ते मी मुद्दाम बिघडवले, अशी तक्रार व्यवस्थापक वासुदेवराव यांनी दिली आहे. ती धादांत खोटी आहे. त्यांनी मला उद्यापासून येऊ नका असेही सांगितले. माझ्या पगारावर घर चालते.

यंदा रोहणा गावच्या पोळ्यात सर्वांत देखण्या बैलाला संस्थेतर्फे घुंगरमाळ द्यायचे ठरले. वासुदेवरावांचे मेहुणे तानबा यांचा बैल निवडला गेला. बक्षिसाची नोंद करताना संगणकाने ती नाकारली. कारण दिसले : सदर बैल मृत आहे.

मेलेल्या बैलाच्या नावावर नवी नोंद होऊ नये, हा नियम मी घातला आहे. एकच बैल दोनदोनदा मरायला लागला तर संस्थेला कुलूप लागेल.

वासुदेवराव म्हणाले, "बाई, हे काय खूळ घालून ठेवलं? काढून टाका तो नियम." मी काढला नाही. मग त्यांनी नागपूरहून एक जाणकार आणला. त्याने नोंदी भरण्यासाठी मी केलेला संगणकाचा पडदा बाजूला ठेवून थेट तक्त्यात नोंद घालून पाहिली. तीही परत आली. नियम पडद्याला नव्हताच, तक्त्यालाच बांधलेला होता. तो गृहस्थ जाताना "पक्कं काम आहे" म्हणाला. मला अतोनात आनंद झाला, हेही लिहून घ्यावे.

आज तानबा आपणहून बैल घेऊन ठाण्याच्या आवारात आले. म्हणाले, "पाहा साहेब, माहा बैल जित्ता हाय. मशीनले सांगा, माळ देऊन टाक म्हणा." वासुदेवराव त्यांना डोळ्यांनी खुणावत होते, पण तानबांचे सगळे लक्ष बैलाकडे होते. हवालदारांनी बिल्ला वाचला. क्रमांक तोच निघाला.

ठाणेदार साहेबांनी विचारले, मग हा मेला असे कोणी नोंदवले? मी सांगितले, मंजूर करणाऱ्याच्या नावाशिवाय तक्ता मृत्यूची नोंद घेतच नाही. आणि त्या नोंदीचा छापील उतारा पुढे ठेवला. त्यावर वासुदेवरावांचे नाव आहे. या बैलाच्या विम्याचे पैसे जूनमध्येच उचलले गेले आहेत.

बैल पुन्हा जिवंत कसा करायचा, असे साहेबांनी मला विचारले. मी सांगितले, ज्याने मृत्यू मंजूर केला, त्यानेच ती नोंद खोटी असल्याचे लिहून सही द्यायची. दुसऱ्या कोणाची चालत नाही. हा नियमही माझाच आहे.

तानबा म्हणाले, "भाऊजी, करून टाका ना सही. चांगल्या बैलाले काऊन मारून ठेवता?"

वासुदेवरावांनी सर्वांसमक्ष सही केली.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एका जागी 'संगणकातील बिघाड' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे.

सही : सुमती अ. पाचखेडे