काम नाकारलं म्हणे

हॅलो?… कोण?… ल्यूसिल. बोल.

नाही, जेवत नव्हते. बीन्स निवडत बसलेय, उद्या रात्री भिजत घालायच्यात… हो, परवा शनिवार ना. एकटीला पण लागतात शनिवारी बीन्स.

बोल ना. पाच आठवड्यांत सख्ख्या बहिणीची आठवण नाही आली, ती आज बरोबर आली. कशासाठी ते मला कळतंय. उद्या दहाला माझी फोनवर सुनावणी आहे म्हणून.

मी आवाज चढवत नाहीये. बावीस वर्षं बुटांच्या कारखान्यात शिलाईच्या मशीनवर काढली, आवाज असाच झालाय.

हो… हो… अगं ऐक ना. आधी माझं ऐक. तुझ्या नवऱ्यानं भत्त्याच्या ऑफिसला जे लिहून दिलं, ते त्यांनी मला पत्रात जसंच्या तसं छापून पाठवलंय. ‘नोएला थिबोडो हिने दिलेले काम नाकारले.’ एवढंच. या एका ओळीवर माझा बेकारी भत्ता बंद. पाच आठवडे झाले.

काय म्हणालीस?… अर्धवेळ काम करत होते म्हणून बंद झाला? हे कोण म्हणतं, तुझा आर्मंड?… त्याला काय कळतं त्यातलं. थांब, तुला नीट सांगते. तुमच्या हॉटेलच्या गल्ल्यावर तू बसतेस, तुला तरी समजायला हवं.

फेब्रुवारीत कारखान्याला कुलूप लागलं, भत्ता सुरू झाला. एप्रिलमध्ये तू स्वतः माझ्या दारात आलीस, मफिनचा डबा घेऊन. म्हणालीस, नोएला, सकाळची गर्दी आवरत नाही, आठवड्यातून चार दिवस तीन-तीन तास ये. हो ना?… हो. मी लगेच हो म्हटलं का? नाही. आधी ऑफिसला फोन लावला. पाऊण तास त्यांची ती पिपाणी कानाला लावून बसले. मग बाई आली फोनवर. तिला विचारलं, अर्धवेळ काम घेतलं तर माझा भत्ता जाईल का. ती म्हणाली, घेतलं म्हणून जात नाही. ज्या आठवड्यात काम केलं त्याच आठवड्याची कमाई सांगायची, कर कापायच्या आधीची. हातात पैसे कधी पडले ते बघायचं नाही. त्यातली थोडी रक्कम आम्ही सोडून देतो, उरलेली त्या आठवड्याच्या भत्त्यातून वजा करतो. आणि पूर्णवेळ काम शोधत राहायचं, चांगलं काम कुणी दिलं तर नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलंत तर मात्र गेलं.

नाही म्हटलंत तर. ऐकलंस? नेमकं तेच लिहून दिलं तुम्ही.

…हो, दर रविवारी सांगत होते. चर्चमधून आले की कोट न काढता कॉम्प्युटरपुढे बसायचे. इतके तास, इतके डॉलर. एका आठवड्यात तू मला वीस मिनिटं जास्त थांबवलंस, ती वीस मिनिटं पण सांगितली मी. आणि लुईस्टनपर्यंत जाऊन अर्ज देत होते, धुलाईखान्यात, शाळेच्या स्वयंपाकघरात, जिथे जागा दिसेल तिथे.

…आर्मंड तसा नाही? मग कसा आहे तो?

ऑगस्टचं आठव. तळ्यावर सुट्टीला आलेली माणसं, रात्रीपर्यंत टेबल रिकामं होत नव्हतं. आर्मंड मला म्हणाला, संध्याकाळी पण ये, आठवड्याचे वीस तास वाढवून देतो. मी काय म्हणाले?… सांग ना. तू तिथेच होतीस, कॉफीच्या मशीनपाशी, फिल्टर बदलत होतीस… बरोबर. म्हणाले, येते. आनंदानं येते. मग तो म्हणाला, हे तास रोख देईन, वहीत लिहिणार नाही, तू पण ऑफिसला कळवू नकोस, तुझा भत्ता पण चालू राहील. मी म्हणाले, काम घेते, पण लपवणार नाही, सगळं कळवणार. एवढंच म्हणाले ना?… मग यात काम नाकारलं कुठे?

पुढच्या सोमवारी कामाच्या यादीत माझं नावच नाही. सकाळचं पण गेलं. माझ्या जागी त्याच्या पुतण्याची बायको, माझाच एप्रन बांधून.

आणि ऑफिसनं विचारलं, हिचे तास का थांबले, तर हा लिहितो, नाकारलं.

…मिसेस प्लूर्डनं मला चर्चच्या पायरीवर थांबवलं, माहितेय? सगळ्यांसमोर. ‘काम नको म्हणालीस म्हणे, नोएला. बसून मिळतंय तर कोण कशाला हात हलवेल.’ मला. पंधराव्या वर्षापासून काम करतेय मी, ल्यूसिल. आपली ममाँ गेली त्या आठवड्यात फक्त दोन दिवस रजा घेतली. तू चार घेतली होतीस… हो, बोलणारच. आज सगळं बोलणार.

काय?… परत सांग… मेसेज?… हो, आहे माझ्याकडे. त्यानं दुसऱ्या दिवशी पाठवलेला. ‘संध्याकाळचं रोखच देणार. कुणाला सांगायचं नाही. जमत नसेल तर राहू दे.’ पाठ झालाय मला.

…पुसून टाकू?

…म्हणजे यासाठी केलास फोन.

नाही, तू थांब. दंड होईल म्हणतेस. होईल. त्या पुतण्याच्या बायकोला पण रोखच देत असेल ना, आणि भांडीवाल्याला?… मग व्हायलाच हवा… हॉटेल बंद पडेल? अगं, माझं घर बंद पडत आलंय. घर तापवायच्या टाकीतलं तेल तळाला गेलंय. ऑक्टोबर अर्धा सरला, मी स्वयंपाकघरात टोपी घालून बसलेय. तेव्हा नाही आला तुला फोन करायला.

…कोण देईल? आर्मंड भरून देईल पाच आठवड्यांचे?… रोख देईल ना? रोखच देईल तो. मी ते पण लपवायचे, आणि जन्मभर कामचुकार म्हणून चर्चच्या पायऱ्या चढायच्या. नकोत मला.

नाही, पुसणार नाही. आणि पुसला काय, ठेवला काय, त्यात नुसतं त्याचं बोलणं आहे, माझं उत्तर नाही. उत्तर मी तोंडी दिलं. उद्या तो म्हणणार, गंमत केली होती, तिलाच यायचं नव्हतं. मी येते म्हणाले हे ऐकणारी तू एकटी.

काय पुटपुटतेस, मोठ्यानं बोल… फॉर्म कुणी भरला?

…तू.

…

थांब, बीन्सचं भांडं खाली ठेवते.

म्हणजे सही त्याची आणि अक्षर तुझं… तो म्हणाला लिही आणि तू लिहिलंस… घाईची वेळ होती. हं. एका ओळीनं काय होतं असं वाटलं तुला… रडू नकोस. नाही, खरंच रडू नकोस, मला आत्ता तुझी समजूत काढायची नाहीये. पाच आठवडे मी त्याला शिव्या घालतेय. आणि घरात बसून म्हणतेय, ल्यूसिलला यातलं काही माहीत नसणार.

मला वाटलं होतं तुला माहीत नसेल.

…काय करू म्हणून मला विचारतेस? कागद घे… कुठलाही. बिलांचं पॅड चालेल. घेतलास?… लिही. मी, ल्यूसिल बूशार… तारीख घाल वर… माझ्या बहिणीने काम नाकारलं नाही. संध्याकाळचं काम करायला ती तयार होती, हे मी स्वतः ऐकलं. कमाई ऑफिसला कळवणार, असं ती म्हणाली, म्हणून तिचे तास काढले… लिहिलंस?… पुढे. फॉर्ममधली ओळ मी लिहिली आणि ती खोटी आहे.

…नाही. ‘गैरसमजातून’ घालू नकोस. गैरसमज कुणाचाच झाला नव्हता… ‘आम्ही’ पण नको. ‘मी’ लिही. त्याचं तो बघेल… सही कर. फोटो काढून पाठव मला.

…कोण आलं?… तो?… फोन ठेवू नकोस, ल्यूसिल. कुणाशी बोलतेस विचारतोय ना, सांग त्याला, नोएलाशी… सांग… कागद पण दाखव.

…

हं. आर्मंड… ओरडू नकोस, मला ऐकू येतं… घरचं माणूस असं वागतं का, हे तू मला विचारतोस?… तू बोलून घे… झालं? उद्या दहाला हेच सगळं त्या अधिकारीबाईंना सांग, मी पण सांगणार आहे. फोन दे तिला… दे तिला फोन.

…

ल्यूसिल?… बाहेर गेला?… दार आपटलेलं ऐकलं मी. बरी आहेस ना?… कागद फाडला नाही ना त्यानं?… हं. पाठव मग.

…आला. थांब, चष्मा लावते… हो… हो. सगळं आहे.

नाही, तसं मी म्हटलेलं नाही. माफीबिफी काही नाही. राग आहे, खूप आहे, एका कागदानं जाण्यातला नाही. उद्या हे स्वतःच्या तोंडानं सांग, मग बघू… तुला फोन कसा येईल? येईल. तुझा नंबर दिलाय मी त्यांना, साक्षीदार म्हणून… सोमवारीच दिला.

…कारण तिथे दुसरं कुणी नव्हतं, ल्यूसिल.

ठेवते.