तीन नंबरचा पाइप

हो हो, चावी मिळेल, पण आधी रजिस्टरात सही. कितीही मोठे व्हा, सहीशिवाय तीन नंबरच्या खोलीची चावी या टेबलावरून हलत नाही — आणि ती व्हायोलिनची पेटी खाली नका ठेवू हो, फरशी आत्ताच पुसलीये. समारंभाला आलात ना? माजी विद्यार्थी? मग बसा, अजून तासभर आहे. ते पेन चालत नाही, थांबा, दुसरं शोधते.

बघितलंत का आमच्या संगीत विभागाचं नवं कौतुक? माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून सरावाच्या सगळ्या खोल्या आवाजबंद करून दिल्यात. दारं एवढी जाड, की आत कुणी वाजवतंय का झोपलंय, कळायला मार्ग नाही. एकतीस वर्षं या खुर्चीवर बसून मी ऐकलं — कोण सुरात, कोण बेसूर, कोण नुसताच डबा खातोय — आणि आता काय ऐकायचं? घड्याळ! छान झालं म्हणायचं. आणि तो बाहेरचा काचेचा डबा पाहिलात, फडकं टाकलेला? त्यात काय आहे, माहितीये? पाइप. पाण्याचा गंजका पाइप, हातभर कापून, घासून चकचकीत केलेला! का, तर आमचे मोठे सर — गेले बिचारे दोन वर्षांपूर्वी — त्यांच्या खोलीतून तो तीन नंबरात जायचा. आत पोरगं लय सोडून पळालं की सर पाइपावर ठक्कन ठोकायचे, की पोरगं ताळ्यावर. जो तो भाषणात तेच सांगतो, ‘त्या ठोक्यानं मला घडवलं.’ घडवलं म्हणे! अहो, दुपारी दोन ते चार सर घोरत असायचे. आणि तीन नंबरातून तो पाइप पुढे कुठे जायचा, हे एकाही शहाण्याने कधी बघितलं नाही. कुठे म्हणजे? इथे, माझ्या खुर्चीमागे —

जाऊ दे. पेन कुठे गेलं मेलं?

असं काय बघताय? बरं बाबा, मी ठोकायचे. या चाव्यांच्या जुडग्याने. झालं समाधान? संगीत मी शिकले नाही, पण वडील आमचे बँडमध्ये ढोल वाजवायचे. आईची कांदा चिरताना लय चुकली तरी ताटावर टकटक करायचे, तिथेच कान तयार झाला. एकदा सर जागे झाले आणि तडक इथे आले. मला वाटलं, गेली नोकरी. तर डोळे चोळत म्हणाले, ‘बाई, ठोका, पण एकदाच ठोकत जा, झोप मोडते.’ देवमाणूस! श्रेय घ्यायला मात्र जागे असायचे. मला वाईट? छे, कसलं वाईट — वाटतं हो. खोटं कशाला बोलू? वाटतं. सगळ्यात जास्त ठोके एकाच पोराने खाल्ले. मी त्याला एक्सप्रेस म्हणायचे. वाजवायचा गोड, पण सुटला की सुटला, मधली स्टेशनं माहीतच नाहीत. त्याच्यापायी पाइपाला पोचा पडला, बघा हवं तर, डब्यातला तुकडा माझ्या खुर्चीमागचाच कापलाय, डाव्या टोकाला आहे. आता मोठा कलाकार झालाय, आज तोच यायचाय फडकं ओढायला, सरांवर भाषणही — हे घ्या, हे चालतंय. करा सही.

हे शेपूट... सहीला तेच लांबलचक शेपूट...

अगं बाई! केस कुठे गेले तुझे? — तुमचे. आणि हे काय, डोळे पुसा आधी, रजिस्टरावर पडेल. नाही, हात नका जोडू, मला नाही सहन होत. ऐका, भाषणात यातलं अवाक्षरही नको. अजिबात नको! पहिल्या रांगेत सरांच्या मिसेस बसणार आहेत, ऐंशी उलटल्यात, पाइप नीट पुसलाय ना, म्हणून सकाळपासून तीनदा फोन केला त्यांनी. तेवढंच उरलंय त्यांना. त्यांच्यापुढे सर जागेच राहू देत. शप्पथ घ्या. घेतली? हां. तुम्हाला कळलं, मला पुष्कळ झालं.

ही चावी. जा, हात मोकळा करून घ्या. दार तेवढं उघडं ठेवा.

...वा. हां... हां... अरे, अरे, अरे —

ठक!

टेबल आहे हे, पाइप तुम्ही डब्यात घातलात. हळू, एक्सप्रेस!