आडनाव न वाचणारं यंत्र

विलास : दार उघड, नाहीतर फोडतो. चाकाचा पान्हा आहे हातात.

यशपाल : दादा, आधी ऐका. नाकातलं रक्त थांबत नाहीये माझं.

विलास : थांबू नये म्हणूनच मारलं. दुसरा ठोसा बाकी होता, तेवढ्यात बाथरूममध्ये पळालास. नेकारसुल्महून गाडी हाणत आलोय मी, असा परत जाणार नाही.

यशपाल : क्रांतीला फोन केलाय. येतेय ती.

विलास : येऊ दे. तुझा तो प्रोग्रॅम लिहिणारा हात तिच्यासमोर मोडतो. चौदा एप्रिलला आमच्या घरी जेवलास, पुरणपोळी मागून घेतलीस, आणि माझ्याच बहिणीला चोर ठरवलंस?

यशपाल : मी नाही ठरवलं. इन्स्टिट्यूटनं सगळ्यांचे संशोधनाचे पेपर त्या प्रोग्रॅममधून काढले. प्रोग्रॅम फक्त फोटो ताडून बघतो. क्रांतीच्या सोळा सालच्या पेपरात दोन वेगळ्या प्रयोगांचे म्हणून दिलेले फोटो एकच निघाले. एक उलटा फिरवलेला.

विलास : आणि तेवढ्यावरून डॉक्टरेट अडवली तिची. आमच्या घरातली पहिली डॉक्टर. घे हा!

यशपाल : दादा, बिजागरी निखळली. पुढचा घाव माझ्या डोक्यात बसेल.

विलास : बसू दे. शाळेत कुणाचं काही हरवलं की आधी माझं दप्तर उपडं करायचे. इतक्या लांब जर्मनीत येऊन तुलाही आपलीच पोरगी सापडली?

यशपाल : त्यासाठीच तर लिहिला तो प्रोग्रॅम. एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेला सरांनी मला पहिला प्रश्न आडनावाचा विचारला होता. आडनाव वाचतच नाही असं काहीतरी हवं होतं मला. आमच्या प्रोफेसरांचाही एक पेपर धरलाय त्यानं.

विलास : मग तिच्या बाबतीत चुकलं असेल. चुकलं म्हणून लिहून दे, मी जातो.

यशपाल : चुकलं असतं तर तुमच्या आधी मीच लिहिलं असतं.

विलास : मग मर तिथंच.

(दार मधोमध फाटतं. धापा टाकत आलेली क्रांती दादाच्या उगारलेल्या हाताला लोंबकळते.)

क्रांती : दादा, टाक तो पान्हा.

विलास : सोड मला. तुझ्या आयुष्याची माती केलीय यानं.

क्रांती : त्यानं नाही. फोटो एकच आहे.

विलास : काय?

क्रांती : दुसरा प्रयोग फसला होता. स्टिपेंडिअमचे पैसे संपत आलेले. पहिलाच फोटो फिरवून लावला. मीच. कुणी सांगितलं नव्हतं.

विलास : तू तर म्हणालीस, मशीनची चूक आहे.

क्रांती : तुझ्यापुढे जीभ रेटली नाही. गावभर पेढे वाटले होतेस तू. सोमवारी कमिटीपुढे सगळं सांगणार आहे मी. आज तुला सांगायचं होतं, तर तू इथं पोचलेला.

विलास : आणि मी याला...

यशपाल : दादा, सायरन ऐकू येतोय. शेजारच्या बाईंनी पोलित्साय बोलावली वाटतं. पान्हा द्या इकडे. पाय घसरून पडलो, दार मीच तोडलं, असं सांगतो मी. नाहीतर इथं राहायची परवानगी जाईल तुमची.

क्रांती : दादा, दे त्याला.

विलास : नको. मी मारलं, असंच सांग.