उजव्या किडनीचं टेन्शन

...आणि वर मलाच म्हणतात, टेन्शन घेऊ नका! अहो, कसलं टेन्शन? तुम्हाला सांगते, मी लिफ्ट कंपनीत तक्रारीचे फोन घेते. आत अडकलेली माणसं बोंबलत असतात, मी म्हणते, 'शांत राहा, माणूस निघालाय.' दहा वर्षांत आवाज चढला नाही माझा, आणि बीपी? एकशे नव्वद! वय छत्तीस!

डॉक्टरांनी गोळी दिली. उतरेना. दुसरी दिली, तिसरी, चौथी... मीठ तोडलं. तीन वर्षं आकडा ढिम्म! डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणतात, 'घरी काही... त्रास?' शेजारी नवरा बसलेला, त्याचा चेहरा असा उतरला, की म्हटलं आधी याचंच बीपी बघा! सासूबाई घाबरून माझ्याशी गोड बोलायला लागल्या. नणंद फोनवर, 'वहिनी, टेन्शन घेऊ नकोस हं!' अगं, घ्यायला असायला तरी हवं ना! मला काही वाटतच नव्हतं हो. एकदा ऑफिसात डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी मी चाचपडत लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाचा पत्ता लिहून घेतला, फोन ठेवला आणि मग म्हटलं, अरेच्चा, दिसत नाहीये.

तिथून थेट मोठ्या दवाखान्यात. तिथली डॉक्टरीण अगदी पोरसवदा, तिनं काय करावं? स्टेथोस्कोप लावला पोटावर! बेंबीच्या बाजूला! 'श्श... फुसफुस ऐकू येतेय.' मग स्कॅन. निघालं काय, तर उजव्या किडनीची रक्तवाहिनी अरुंद झालेली. किडनीला वाटतंय, अंगात रक्तच कमी आहे, म्हणून ती बापडी तीन वर्षं 'बीपी वाढवा, बीपी वाढवा' करत सुटलेली! म्हणजे टेन्शन होतं, पण ते तिला!

'किडनी गेली असती. नाहीतर मेंदूत रक्तस्राव,' डॉक्टरीण म्हणाली. नवरा बाहेर जाऊन रडून आला. आणि मी? मी विचारलं, रजा किती दिवसांची टाकू?

जांघेतून बारीक नळी घातली, फुगा आत नेला, अरुंद जागी फुगवला. मी टक्क जागी. 'घाबरू नका, टेन्शन...' म्हणता म्हणता डॉक्टरणीनंच जीभ चावली, बिचारीनं. दुसऱ्या दिवशी एकशे अठ्ठावीस! तीन गोळ्या सुटल्या, एक राहिली. सगळे हसत होते, म्हणून मीही हसले.

घरी आले. सासूबाईंनी आकडा दोनदा विचारला, खात्री करून घेतली आणि म्हणाल्या, 'सुटलो गं बाई! आता रविवारी बारा माणसं जेवायला सांगितलीत.'

...मी कांदे चिरायला घेतले.