इंजिन वरच राहील

आमचं गाव माण तालुक्यातलं. तिथं पाणी विहिरीच्या पार तळाला, आणि आता माझी नोकरी कुठं, तर कोलकात्यात, सॉल्ट लेकला एका ऑफिसात, पाऊस झाला की तळघरातलं पाणी उपसायची. फौजेत होतो, शेवटचं पोस्टिंग फोर्ट विल्यमला, पेन्शनीत निघालो तर मुलीची शाळा इथंच चालू, म्हणून राहिलो तो राहिलोच. मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर देते बंगालीत. म्हणून तुमच्यासारखं मराठी बोलणारं कुणी भेटलं ना ताई, की माझं तोंड थांबत नाही.

तर दादा. माझा थोरला भाऊ. कसं असतं, पंप पाणी वर लांब ढकलतो, पण खालून ओढायला त्याची ताकद थोडी. म्हणून उन्हाळ्यात विहीर खाली गेली की आम्ही इंजिनच दोरानं आत सोडायचो, विहिरीतल्या टप्प्यावर. सगळेच करायचे. दादा आत उतरायचा, मी काठावरनं हाक मारायची, दादा, की त्यानं खालनं ओ द्यायची, असा आमचा नेम. त्या दिवशी इंजिनाच्या आवाजात काय ऐकू येणार, मी आपला कांद्याला पाणी धरत होतो, म्हटलं पाटाला पाणी येतंय म्हणजे दादा बरा आहे. आणि पाणी येतच राहिलं हो. डिझेल संपून इंजिन बंद पडलं तेव्हा हाक मारली. ओ आली नाही. धुरानं गेला. अंगावर ओरखडा नाही, भिंतीला टेकून झोपल्यागत बसलेला. मी एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा.

काय सांगू तुम्हाला, गेल्या पावसात इथं तळघरात कमरेएवढं पाणी, लाइट गेलेली. मॅनेजर म्हणाले, इंजिनाचा पंप आत, गाड्या उतरतात त्या उतारावर ठेवा, बाहेर इंजिन भिजेल. माझा जोडीदार बापी, तोही म्हणतो, दादा, आतच ठेवू, पाइप पुरत नाही. मी म्हटलं, इंजिन वरच राहील, नाहीतर मला घरी पाठवा. मॅनेजर म्हणाले, मग उद्यापासून घरीच बसा. मी म्हटलं बसतो, पण आज इंजिन वर. शेजारच्या बिल्डिंगमधनं पाइप मागून आणला, चाकांना विटा लावल्या, सायलेन्सरचं तोंड रस्त्याकडे केलं, पंपात पाणी भरलं आणि छत्री इंजिनावर धरून चार तास भिजत उभा राहिलो. लोक हसले. हसू देत. पाणी निघालं, दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो, मॅनेजरनी हजेरीचं रजिस्टर पुढं सरकवलं.

इथं सगळेच एकमेकांना दादा म्हणतात. रिक्षावाला दादा, भाजीवाला दादा, मीसुद्धा दादा. सुरुवातीला कुणी अशी हाक मारली की नको व्हायचं. दादाची आठवण येते ताई, अजून येते, आता मी त्याच्याहून दुप्पट म्हातारा झालो तरी येते.

इंजिन चालू करायचा दोर ओढण्याआधी मी तळघरात तोंड करून एक हाक मारतो, दादा. बापीला वाटतं, आत कुणी राहिलंय का ते बघतो. ते तर बघतोच. रस्त्यावर अशी हाक मारली तर दहा माणसं वळतील इथं. मी थोडा वेळ थांबतो. मग दोर ओढतो.